इन-हाउस मूव्हमेंटसाठी दुप्पट किंमत मोजावी का?

मंदगती

नमस्कार. यांत्रिक घड्याळांविषयी बराच काळ वाचत आलो आहे आणि आता आयुष्यभर वापरता येईल असे एक चांगले घड्याळ घेण्याचा विचार पक्का झाला आहे. निवड दोन घड्याळांवर येऊन थांबली आहे. दोन्ही स्विस आहेत, दोन्ही ऑटोमॅटिक आहेत, आणि केसची घडण, डायलचे काम, सॅफायर काच, पाण्यापासूनचे संरक्षण या बाबतींत दोहोंत डावे-उजवे करता येत नाही. फरक आहे तो आतल्या मूव्हमेंटचा, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या यंत्रणेचा. पहिल्या घड्याळात सेलिटा कंपनीची एसडब्ल्यू२०० ही मूव्हमेंट आहे. मात्र घड्याळ कंपनीने तिचा वरचा दर्जा निवडून सीओएससी या संस्थेचे क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेचे, प्रमाणपत्र मिळवले आहे. दुसऱ्या घड्याळातली मूव्हमेंट इन-हाउस, म्हणजे कंपनीने स्वतः आखलेली आणि स्वतःच्या कारखान्यात बनवलेली असल्याचे सांगितले जाते. ती बाजारात येऊन फार दिवस झालेले नाहीत, आणि पूर्ण किल्ली दिल्यावर ती ७० तास चालते. या घड्याळाची किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

माझ्या मनात तीन शंका आहेत. एक म्हणजे, वेळ अचूक दाखवणे आणि टिकणे या दोन गोष्टींत इन-हाउस मूव्हमेंट खरोखर सरस असते का? दुसरी, १५-२० वर्षांनी सर्व्हिसिंगची वेळ येईल तेव्हा कोणत्या घड्याळाचा मालक अधिक निश्चिंत असेल? आणि तिसरी शंका जरा वेगळ्या प्रकारची आहे. बाहेरून मूव्हमेंट विकत घेणारी कंपनी ही ‘खरी’ घड्याळ कंपनी नव्हेच, ती फक्त केस आणि डायल जोडते, असे मत वारंवार वाचायला मिळते. इतिहास पाहता हे मत कितपत न्याय्य आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

दंतचक्र

आपल्या तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचा उलगडा झाला की पहिल्या दोहोंकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

स्विस घड्याळांचा धंदा उभा राहिला तोच मुळी कामाच्या वाटणीवर. जुरा पर्वतातल्या खेड्यांत एक घर चक्रे कापी, दुसरे स्प्रिंगा करी, तिसरे काटे घडवी, आणि हे सगळे भाग गोळा करून घड्याळ पूर्ण करणारा व्यापारी त्यावर आपले नाव घाली. या पद्धतीला तिकडे एताब्लिसाज म्हणतात. तिच्यातूनच पुढे कच्च्या मूव्हमेंट, म्हणजे एबोश, बनवणारे स्वतंत्र कारखाने निर्माण झाले, आणि १९२६ साली त्यांतले प्रमुख कारखाने एबोश एसए या कंपनीच्या छत्राखाली एकत्र आले. आजची ईटीए ही मूव्हमेंट बनवणारी कंपनी याच वंशातली. तेव्हा बाहेरून मूव्हमेंट घेणे ही अलीकडे शिरलेली भेसळ नाही, शेकडो वर्षांची ती रीत आहे.

अगदी शिखरावरची उदाहरणे पाहू. जेगर-लेकुल्त्रने १९६७ मध्ये ९२० नावाचे कॅलिबर (मूव्हमेंटचा नमुना) तयार केले. पूर्ण रोटर (हाताच्या हालचालीने फिरून किल्ली देणारे वजन) असलेली ही ऑटोमॅटिक मूव्हमेंट अवघी २.४५ मिलिमीटर जाडीची होती. ओदमार पिगेने तारखेची सोय असलेले तिचे रूप २१२१ या क्रमांकाने १९७२ च्या रॉयल ओकमध्ये वापरले, पातेक फिलिपने १९७६ च्या नॉटिलसमध्ये वापरले, आणि वाशेरों कॉन्स्तांतांने १९७७ च्या ‘२२२’ या घड्याळात वापरले. स्टीलच्या उंची घड्याळांची आजची सारी परंपरा ज्या तीन घड्याळांपासून मोजली जाते, त्या तिन्हींच्या पोटात एकच बाहेरची मूव्हमेंट होती. जिने ती आखली त्या जेगर-लेकुल्त्रने मात्र ती आपल्या नावाच्या घड्याळात कधीच घातली नाही. रॉयल ओकच्या मूळ आकाराच्या घड्याळात २१२१ ची जागा ओदमार पिगेच्या स्वतःच्या ७१२१ ने घेतली ती थेट २०२२ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी.

क्रोनोग्राफच्या, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळाच्या, बाबतीत तर हे आणखी ठळक दिसते. पातेक फिलिपचा १९४१ चा १५१८ हा क्रोनोग्राफ आणि पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्यांचे कमीजास्त दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणारे) एकत्र असलेला नमुना व्हाल्जू या कारखान्याच्या मूव्हमेंटवर आधारलेला होता. या नमुन्याची स्टीलमधली एक प्रत २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात विकली गेली, तेव्हा लिलावात मनगटी घड्याळाला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. पुढे १९८६ पासून पातेकने लेमानियाच्या २३१० या कॅलिबरवर आपला सीएच २७-७० उभा केला, आणि पूर्णपणे स्वतःची अशी किल्लीची क्रोनोग्राफ मूव्हमेंट, सीएच २९-५३५, २००९ मध्ये महिलांच्या घड्याळात आणली. ओमेगाच्या स्पीडमास्टरमधले ३२१ हे गाजलेले कॅलिबरही लेमानियाचेच. अर्थात ओमेगा आणि लेमानिया या तेव्हा एकाच समूहातल्या भगिनी कंपन्या होत्या.

रोलेक्सचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. रोलेक्सच्या मूव्हमेंट बील शहरातल्या एग्लर या कारखान्यात होत, आणि हा कारखाना रोलेक्सने विकत घेतला तो २००४ साली. तोपर्यंत दोन्ही कंपन्या कायद्याने वेगळ्या होत्या. आज इन-हाउस म्हणून ज्या कंपनीचे नाव पहिल्यांदा घेतले जाते, तिची जवळजवळ सगळी कीर्ती दुसऱ्या कंपनीच्या मूव्हमेंटवर उभी राहिली आहे. रोलेक्सचे डेटोना हे क्रोनोग्राफ घड्याळ तर आधी व्हाल्जू ७२ वर चालत होते आणि १९८८ पासून २००० पर्यंत झेनिथच्या एल प्रिमेरोवर. अर्थात रोलेक्सने एल प्रिमेरो आहे तशी उचलली नाही. ताशी ३६,००० ठोक्यांची गती २८,८०० वर आणली, बॅलन्स (झुलत राहून वेळ मोजणारे चक्र) बदलला, तारीख काढून टाकली, आणि मगच तिला ४०३० हा आपला क्रमांक दिला. बाहेरून घेतलेल्या मूव्हमेंटवर कंपनी किती आणि कोणते काम करते, याला महत्त्व का द्यायचे ते यावरून कळावे.

मग इन-हाउस या गोष्टीचा एवढा बोलबाला कधीपासून झाला? माझ्या मते २००२ हे वळणाचे वर्ष. स्वॉच समूहाचे प्रमुख निकोलस हायेक यांनी त्या वर्षी जाहीर केले की ईटीए आपल्या समूहाबाहेरच्या कंपन्यांना कच्च्या मूव्हमेंट देणे हळूहळू बंद करील. स्विस स्पर्धा आयोगाने त्यात लक्ष घातले, बरीच वर्षे वाटाघाटी चालल्या, आणि २०१३ च्या करारानुसार २०१९ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारा पुरवठा ठरला. ज्या कंपन्यांचा सगळा व्यवसाय ईटीएवर अवलंबून होता त्यांच्यापुढे दोनच वाटा राहिल्या: दुसरा पुरवठादार शोधायचा किंवा स्वतः मूव्हमेंट बनवायची. सेलिटा मोठी झाली ती याच काळात. आधी ती ईटीएसाठीच मूव्हमेंट जोडून देई. पेटंटची मुदत संपलेल्या ईटीएच्या आराखड्यांवर तिने स्वतःची एसडब्ल्यू मालिका काढली, आणि आपल्या पहिल्या घड्याळातली एसडब्ल्यू२०० म्हणजे ईटीए २८२४ चीच सख्खी बहीण. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी कारखाने उभारले, आणि कारखान्यांवर घातलेला पैसा वसूल करायचा म्हणून ‘इन-हाउस म्हणजेच श्रेष्ठ’ हा विचार जाहिरातींतून ग्राहकांच्या मनात रुजवला गेला. मूळ कारण पुरवठ्याची चिंता हे होते, आणि मूव्हमेंट निकृष्ट आहेत म्हणून कोणी ईटीए सोडली नव्हती.

म्हणून त्या मताला मी अन्यायकारक म्हणेन. ते खरे मानले तर १५१८ आणि पहिली नॉटिलस करणारी पातेकसुद्धा खरी घड्याळ कंपनी ठरत नाही.

---

भिंगवाला

मी घड्याळ दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो.

ईटीए २८२४-२ आणि एसडब्ल्यू२०० या मूव्हमेंट उघडल्यावर त्यांत अनोळखी असे काही सापडत नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ हा आराखडा जगभरच्या टेबलांवर आहे. कुठे झीज होते, कोणत्या चक्राला तेल कमी लागते आणि कोणत्याला अजिबात लावायचे नाही, ऑटोमॅटिकच्या उलटसुलट फिरणाऱ्या चक्रांना कोणत्या द्रावणात बुडवायचे, हे प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्या वर्षी-दोन वर्षांत शिकवले जाते. मेनस्प्रिंग (घड्याळाला ऊर्जा देणारी स्प्रिंग), बॅलन्सचा पूर्ण संच, एस्केप व्हील, किल्लीची दांडी असे सगळे भाग एकापेक्षा अधिक उत्पादकांकडून मिळतात. एखादी मूव्हमेंट पाणी शिरून पार गंजली असेल, तर नवीच्या नवी मूव्हमेंट बसवणे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. २० वर्षांनी हे घड्याळ कोणत्या गावात कोणाच्या हातात पडेल हे आपल्याला आज ठाऊक नसले, तरी ते दुरुस्त होईल एवढे मी खात्रीने सांगतो.

नव्या इन-हाउस मूव्हमेंटच्या बाबतीत चित्र असे नसते. सुटे भाग बहुधा फक्त कंपनीच्या अधिकृत केंद्रालाच मिळतात, स्वतंत्र कारागिराला विकत दिले जात नाहीत, आणि तांत्रिक पत्रकेही कंपनीबाहेर जात नाहीत. त्यामुळे घड्याळ कंपनीकडे पाठवावे लागते, कधी महिनोन्‌महिने थांबावे लागते, आणि खर्च कंपनी सांगेल तो. काही कंपन्या तर मूव्हमेंट दुरुस्त न करता अख्खी बदलूनच देतात. त्यात वाईट काहीच नाही, पण कंपनीने पुढे ते कॅलिबरच बंद केले आणि साठा संपला तर काय, याचे उत्तर खरेदीच्या दिवशी मिळालेले असले पाहिजे. जुने नाव असलेल्या आणि शंभर वर्षांपूर्वीचेही घड्याळ दुरुस्तीला घेणाऱ्या कंपन्या आहेत. पातेक फिलिप आपण बनवलेले कोणत्याही काळातले घड्याळ दुरुस्त करण्याची हमी देते. ज्या कंपनीने पहिली मूव्हमेंट कालपरवा काढली, तिच्याबद्दल असा विश्वास ठेवायला अजून आधार तयार झालेला नाही.

मात्र चित्र एकाच बाजूने रंगवू नये म्हणून हेही सांगतो की ईटीएचे भाग म्हणजे कायमची मोकळी वाट, असेही राहिलेले नाही. स्वॉच समूहाने २०१५ अखेर घाऊक विक्रेत्यांमार्फत होणारा सुट्या भागांचा पुरवठा बंद केला, आणि त्यावरून ब्रिटनमधल्या एका विक्रेत्याबरोबर न्यायालयीन लढाईही झाली. सेलिटा आणि इतर उत्पादकांमुळे २८२४ च्या घराण्याला त्याची झळ कमी बसली. व्हाल्जू ७७५० चेही तसेच. तिच्या जागी बसणारी सेलिटाची एसडब्ल्यू५०० असल्यामुळे काम अडत नाही. पण हा दिलासा लोकप्रिय आराखड्यांपुरताच समजावा.

दर्जाबद्दलही थोडे लिहितो. ‘ईटीए आहे’ किंवा ‘सेलिटा आहे’ एवढ्याने काही कळत नाही. २८२४-२ हीच मूव्हमेंट वेगवेगळ्या दर्जांत मिळत आली आहे. साध्या दर्जात ती घड्याळ धरण्याच्या दोनच स्थितींत जुळवलेली असते, मधल्यात तीन, आणि वरच्यात पाच. वरच्या दर्जात ग्लुसिडुर मिश्रधातूचा बॅलन्स आणि चांगल्या प्रतीची हेअरस्प्रिंग (बॅलन्सला लय देणारी बारीक स्प्रिंग) असते. साधा दर्जा आणि क्रोनोमीटर दर्जा शेजारी ठेवून टाइमिंग मशीनवर लावले, तर त्या एकाच घराण्यातल्या आहेत यावर विश्वास बसू नये इतका फरक दिसतो. आपण सांगितलेल्या पहिल्या घड्याळाला सीओएससीचे प्रमाणपत्र आहे, म्हणजे त्याची मूव्हमेंट १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत तपासली गेली आहे, आणि तिची सरासरी चाल दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत राहिली आहे. दुसऱ्या घड्याळाबाबत कंपनीने अशी कोणती हमी लेखी दिली आहे, ते आपण लिहिलेले नाही. अचूकतेची तुलना त्या कागदावरून करावी. मूव्हमेंट कोणी बनवली यावरून ती होत नाही.

---

नित्यनूतन

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी इन-हाउस मूव्हमेंटची बाजू यात फार तोकडी मांडली गेली, असे वाटते. जाहिरातीचा भाग वगळल्यावरही तिच्याकडे भक्कम असे काही उरते, आणि त्यावर माझे मनापासून प्रेम आहे.

पुरवठादाराची मूव्हमेंट अनेक ग्राहकांसाठी बनवलेली असते, म्हणून ती मध्यममार्गी असते. ठरावीक व्यास, ठरावीक जाडी, तारखेची खिडकी ठरल्या जागी. घड्याळाच्या डायलवर तारखेची खिडकी मध्याच्या फारच जवळ आलेली दिसते, किंवा मोठ्या केसमध्ये सेकंदाचा छोटा डायल आत ओढल्यासारखा वाटतो, त्याचे कारण बहुधा आतली लहान मूव्हमेंट हेच असते. मूव्हमेंट आणि केस एकमेकांसाठी आखल्या की डायलची प्रमाणे आपोआप सुटतात. हा सौंदर्याचा मुद्दा झाला, पण उंची घड्याळात तो गौण मानता येणार नाही.

यंत्राच्या दृष्टीने पाहायचे तर ओमेगाच्या को-अ‍ॅक्सिअल एस्केपमेंटची (स्प्रिंगची ऊर्जा एकेका ठोक्याने सोडणाऱ्या यंत्रणेची) कथा अभ्यासण्यासारखी आहे. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळकर्त्याने तो शोध लावला आणि अनेक कंपन्यांपुढे मांडला. शेवटी ओमेगाने १९९९ मध्ये तो बाजारात आणला. सुरुवात झाली ती २५०० या कॅलिबरपासून, आणि तिचा पाया होता ईटीए २८९२. दुसऱ्या एस्केपमेंटसाठी आखलेल्या, अवघ्या ३.६ मिलिमीटर जाडीच्या मूव्हमेंटमध्ये हा नवा एस्केपमेंट बसवणे सोपे नव्हते. पुढच्या आवृत्त्यांत गती २८,८०० वरून २५,२०० वर आणावी लागली, एस्केपमेंटची रचनाही सुधारावी लागली. मग २००७ मध्ये ८५०० हे कॅलिबर आले. ते पहिल्या रेघेपासून को-अ‍ॅक्सिअलसाठीच आखलेले होते: दोन बॅरल (मेनस्प्रिंग ठेवण्याचे डबे), ६० तासांची चाल, आणि दोन्ही बाजूंनी आधार असलेला बॅलन्सचा पूल. याच वाटेने पुढे जात २०१५ पासून ओमेगाची घड्याळे मेटास या स्विस संस्थेची मास्टर क्रोनोमीटर चाचणी देऊ लागली. तिच्यात १५,००० गॉस इतक्या चुंबकीय क्षेत्रातही घड्याळ चालते राहावे लागते, आणि पूर्ण घड्याळाची चाल दिवसाला ० ते अधिक ५ सेकंदांत बसावी लागते. बाहेरून घेतलेल्या सर्वसाधारण मूव्हमेंटच्या भरवशावर हा प्रवास झालाच नसता.

डेटोनाचा उल्लेख वर झाला. एल प्रिमेरो ही थोर मूव्हमेंट आहे, याबद्दल दुमत नाही. पण २००० साली रोलेक्सने ४१३० आणले, तेव्हा उभा क्लच घेतला, क्रोनोग्राफ यंत्रणेतल्या भागांची संख्या घटवली, वाचलेल्या जागेत मोठी मेनस्प्रिंग बसवून चाल ७२ तासांवर नेली, आणि दुरुस्तीही सोपी केली. तसेच २१२१ आणि ७१२१ शेजारी ठेवून पाहावे: जुनीची गती ताशी १९,८०० ठोके आणि चाल ४० तासांची, नवीची गती २८,८०० आणि चाल ५५ तासांची, आणि तरीही केस जवळजवळ तितकाच पातळ राहिला. जुन्या मूव्हमेंटचे सौंदर्य मला अधिक भावते, तरी रोजच्या वापराला नवी सरस आहे, हे मान्य करावेच लागते.

आणखी एक गोष्ट मनात आहे. स्वतःच्या हेअरस्प्रिंगचा मिश्रधातू स्वतः ओतणारे, स्वतः तारा ओढणारे लोक या जगात फार थोडे आहेत. सेकोच्या समूहात स्प्रॉन हा मिश्रधातू तयार होतो आणि ग्रँड सेकोची मूव्हमेंट त्यावर चालते, रोलेक्स २००० पासून नायोबियम आणि झिर्कोनियमची पॅराक्रोम हेअरस्प्रिंग बनवते, ए. लांगे उंड झ्योने २००३ पासून आपल्या हेअरस्प्रिंगा स्वतः करते. छोटेखानी नोमोसने २०१४ मध्ये स्वतःचा एस्केपमेंट संच उभा केला. हे कौशल्य एकाच पुरवठादाराच्या हाती राहिले असते, तर एका निर्णयाने सगळा व्यवसाय थांबला असता. २००२ नंतर उभे राहिलेले कारखाने, त्यांमागची कारणे व्यापारी असली तरी, या कलेला अनेक घरे मिळवून देऊन गेले. ग्राहक म्हणून त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला मला आनंद वाटतो.

---

मंदगती

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. दुसऱ्या घड्याळाची माहितीपत्रिका पुन्हा वाचली. तिच्यात ‘मॅन्युफॅक्चर कॅलिबर’ असे लिहिले आहे, पण मूव्हमेंट कोणत्या गावातल्या कोणत्या कारखान्यात बनते, याचा उल्लेख नाही. हेअरस्प्रिंग कोणाची, याचाही नाही. अशा वेळी एखादी मूव्हमेंट खरोखर त्या कंपनीचीच आहे, हे ग्राहकाने कसे ओळखावे? आणि ७० तासांची चाल ही इन-हाउस असण्याची खूण मानता येईल का?

---

भिंगवाला

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. नाही. ईटीएच्याच २८२४ च्या वंशात पॉवरमॅटिक ८० आहे. तिच्यात गती २१,६०० वर आणून आणि मेनस्प्रिंग व बॅरलमध्ये बदल करून चाल ८० तासांपर्यंत वाढवली आहे, आणि समूहातल्या मध्यम किमतीच्या घड्याळांत ती सर्रास असते. चालीचे तास वाढवण्याचे मार्ग सर्वांना खुले आहेत. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालू सापडते ही सोय खरी आहे आणि ती हवी असेल तर जरूर घ्यावी.

हेअरस्प्रिंगबद्दल म्हणाल, तर इन-हाउस म्हणवणाऱ्या बहुसंख्य स्विस मूव्हमेंटमध्येही ती निव्हारॉक्स या स्वॉच समूहातल्या कंपनीकडून येते. राइनहार्ड श्ट्राउमान यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या मिश्रधातूचे नावच या कंपनीला आहे. माणके, मेनस्प्रिंग, धक्का सोसणारी इन्काब्लॉकसारखी यंत्रणा, हे सगळे त्या त्या विषयात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या कारखान्यांकडून येते, आणि यावे हेच बरे.

---

दंतचक्र

ओळखण्याबद्दल एवढे लक्षात ठेवावे, की ‘स्विस मेड’ या शिक्क्याला कायद्याची व्याख्या आहे. १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. ग्लासह्यूटे हे नाव वापरायचे, तर मूल्यवृद्धीचा किमान निम्मा भाग त्या गावात झाला पाहिजे, हा नियमही आता जर्मनीत कायद्याने बांधलेला आहे. ‘इन-हाउस’ किंवा ‘मॅन्युफॅक्चर’ यांना असे काही कायदेशीर बंधन नाही. त्यामुळे कंपनी काय सांगते आणि काय सांगत नाही, हेच तपासावे लागते.

टॅग ह्यूअरने २००९ च्या अखेरीस कॅलिबर १८८७ इन-हाउस म्हणून पुढे आणले, तेव्हा तिचा मूळ आराखडा सेकोच्या क्रोनोग्राफवर आधारलेला असल्याचे जाणकारांनी दाखवून दिले, आणि कंपनीनेही सेकोकडून हक्क घेतल्याचे सांगितले. मूव्हमेंट चांगली होती, स्वित्झर्लंडमध्ये बनत होती, तिच्यात बदलही केलेले होते. आधीच स्पष्ट सांगितले असते, तर वाद उद्‌भवलाच नसता. याउलट ब्राइटलिंग आणि ट्यूडर यांनी २०१७ मध्ये केलेली अदलाबदल पाहा. ट्यूडरच्या क्रोनोग्राफमधली एमटी५८१३ ही ब्राइटलिंगच्या बी०१ वर उभी आहे, आणि ब्राइटलिंगची बी२० ही ट्यूडरच्या मूव्हमेंटवर. दोघांनीही ते उघडपणे जाहीर केले. ट्यूडरच्या मूव्हमेंट जिथे होतात त्या केनिसी या कारखान्यात शनेलचा वाटा आहे, आणि तिथून नॉर्केनसारख्या लहान कंपनीलाही मूव्हमेंट मिळतात. एमबी अँड एफ ही कंपनी तर प्रत्येक घड्याळासोबत त्यावर काम केलेल्या बाहेरच्या माणसांची नावेच प्रसिद्ध करते. असे मोकळेपण जिथे दिसते, तिथे मूव्हमेंट बाहेरची असली तरी पैसे मोजताना मन कचरत नाही.

आपण कंपनीला थेट पत्र लिहून तीन गोष्टी विचाराव्यात: आराखडा कोणाचा, जोडणी कुठे होते, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील. तिसऱ्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळाले तर दुप्पट किमतीचा विचार करण्यासारखा आहे. टाळाटाळ झाली, तर मी क्रोनोमीटर प्रमाणपत्र असलेले पहिले घड्याळ घेईन.

---

नित्यनूतन

दंतचक्र यांच्या शेवटच्या वाक्याशी मीसुद्धा सहमत आहे. इन-हाउसची बाजू घेताना कंपनीचे मौन मला मुळीच मान्य नाही.

पुढे कधी क्रोनोग्राफ घ्यायचा झाला, तर डोळ्यांनीच करता येण्यासारखी एक तपासणी सांगून ठेवतो. अनेक नामांकित क्रोनोग्राफमध्ये साध्या ऑटोमॅटिक मूव्हमेंटवर दुबुआ देप्रा या कंपनीचे क्रोनोग्राफ मॉड्यूल चढवलेले असते. ही कंपनी १९०१ पासून व्हॅले द जूमध्ये हेच काम करते आणि ते उत्तम करते. घड्याळ आडवे धरून केसच्या कडेकडे पाहावे: किल्लीची खुंटी आणि क्रोनोग्राफची दोन बटणे एका रेषेत नसतील, खुंटी मागच्या झाकणाकडे थोडी खाली असेल, तर मॉड्यूल असण्याची शक्यता मोठी, कारण खुंटी खालच्या मूळ मूव्हमेंटला जोडलेली असते आणि बटणे तिच्यावर बसवलेल्या मॉड्यूलला. डायलवरची तारीखही मग खोल विहिरीत असल्यासारखी दिसते, कारण तारखेची चकती मॉड्यूलच्या खालच्या थरात राहते. अशा मूव्हमेंटची सर्व्हिसिंग करताना मॉड्यूल आधी उतरवावे लागते, आणि पुष्कळदा ते दुरुस्त न करता नवे बसवले जाते, म्हणून त्याच्या उपलब्धतेची चौकशीही त्याच पत्रात करावी.